छातीला मार: पट्टा आवळू नका, आडवे झोपवू नका

हातापायाला लागले की पट्टी घट्ट बांधायची आणि जखमीला आडवे करायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. छातीला मार बसला असेल तर नेमक्या याच दोन गोष्टी अंगाशी येतात. छाती चालते लोहाराच्या भात्यासारखी. बरगड्या वर-बाहेर सरकतात, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली जाते, आतला दाब कमी होतो आणि हवा ओढली जाते. फुप्फुसाला फुगायला स्वतःचे स्नायू नाहीत. ते छातीच्या भिंतीमागे ओढले जाते. भिंत आणि फुप्फुस यांच्यामधल्या फटीत हवा किंवा रक्त शिरले की फुप्फुस भिंतीपासून सुटते आणि आक्रसते.

म्हणून आधी श्वासाकडे बघावे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ३० च्या वर गेले, एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ किंवा नखे निळसर पडली, खोकल्यातून फेसाळ लाल रक्त आले, तर रुग्णवाहिका बोलावायला एक क्षणही दवडू नये. कपडे बाजूला करून दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते पाहावे. पाठ आणि काख बघायला लोक हमखास विसरतात, आणि दुसरी जखम तिथे असू शकते. कातडीखाली बोटांना चुरचुर लागली, तर हवा फुप्फुसातून बाहेर पडते आहे असे समजावे.

बरगडी मोडली की दीर्घ श्वास, खोकला, हसणे यांनी एकाच जागी कळ येते. पूर्वी छातीभोवती पट्टा आवळत. त्याने दुखणे कमी होते खरे, पण श्वास उथळ होतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. त्याऐवजी खोकताना उशी छातीशी धरावी. सर्वांत खालच्या बरगड्यांमागे उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा असते; तिथला मार पोटाचाही मार समजावा. लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या तर तेवढा तुकडा सुटा होतो: श्वास घेताना छाती वर येते, तो आत जातो. ही स्थिती जिवावर बेतते.

छातीला भोक पडून त्यातून श्वासागणिक सुरसुर आवाज येत असेल तर हात आपोआप ते बुजवायला जातो. तसे करू नये. भोक बुजले की फुप्फुसातून गळणारी हवा आत कोंडते, दाब वाढत जातो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते. धाप वाढत जाणे, मानेच्या शिरा फुगणे, नाडी वेगवान पण क्षीण होणे ही त्याची लक्षणे. चौथ्या बाजूने हवा बाहेर पडावी म्हणून प्लास्टिक तीनच बाजूंनी चिकटवायची जुनी युक्तीही फसू शकते, कारण मोकळी बाजू रक्ताने चिकटून बसते. युरोपीय पुनरुज्जीवन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रथमोपचारात अशी जखम उघडीच ठेवण्याचा सल्ला दिला. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबावे, पण कापड चिंब झाले की तेही बूच बनते. ते बदलत राहावे. झाकल्यावर धाप वाढली तर लगेच उचलावे.

सुरी, सळई, काच रुतली असेल तर काढू नये. तिनेच रक्तवाहिनीला बूच मारलेले असू शकते. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही असे करावे.

शुद्धीत असेल तर अर्धवट बसते करावे, जखमी बाजूकडे कलून. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर कुशीवर, जखमी बाजू खाली: चांगले फुप्फुस मोकळे राहते आणि त्यात रक्त उतरत नाही. खायला-प्यायला काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. श्वास थांबला तर बरगड्या मोडल्या असल्या तरी छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्यावेत. चेंडूचा फटका छातीवर बसून खेळाडू जागीच कोसळला, तर हृदयाची लय बिघडलेली असते. तेव्हा दाब देणे सुरू करावे आणि कुणाला तरी डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आणायला पिटाळावे.

मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्या न मोडताही आत फुप्फुस ठेचते. ही इजा पहिल्या तासात फारशी दिसत नाही. सूज चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाढते. जोरदार फटक्यानंतर मूल खेळताना दिसले तरी त्या दोन दिवसांत त्याच्या श्वासाचा वेग अधूनमधून मोजावा, झोपेत तर आवर्जून.