काटा बरोबर, आंबे किती? उपग्रहाचं कॅलिब्रेशन आणि व्हॅलिडेशन

चहाबिहा, बाजारबिजार, पाऊसबिऊस. मराठीत अशा जोडीतला दुसरा शब्द नुसता सोबतीला आलेला असतो, त्याला स्वतःचा अर्थ नसतो. हवामान उपग्रहांच्या कामात ‘कॅल-व्हॅल’, म्हणजे कॅलिब्रेशन-व्हॅलिडेशन, हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो आणि बरेच जण त्यातलं ‘व्हॅल’ हे ‘बिहा’सारखंच धरतात, अशी माझी खात्री होत चालली आहे. बातम्यांत तर दोन्हींना ‘प्रमाणीकरण’ म्हणतात आणि मोकळे होतात. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि चूक सापडली तर दोन्हींत करायचं तेही वेगळं असतं.

भारताचा हवामान उपग्रह इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला जीएसएलव्ही-एफ१४ या रॉकेटवरून श्रीहरिकोट्याहून सुटला आणि ७ मार्चला त्याने पहिली चित्रं काढली. एकोणीस दिवसांत पृथ्वीचा गोल, त्यावर ढग, सगळं झकास. ते चित्र कुटुंबाच्या ग्रुपवर ‘आता अंदाज चुकणार नाही’ अशा ओळीसकट फिरत होतं. कॅमेरा उघडला आणि तो बघतोय, एवढंच ते चित्र सांगतं. तो खरं बघतोय का, आणि त्यावरून आपण काढतो ते निष्कर्ष खरे का, हे दोन प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. पहिला कॅलिब्रेशनचा, दुसरा व्हॅलिडेशनचा. अमेरिकेचा गोज-१६ नोव्हेंबर २०१६ मध्ये सुटला, जानेवारी २०१७ मध्ये त्याची पहिली चित्रं आली आणि रोजच्या सेवेत तो दाखल झाला १८ डिसेंबर २०१७ ला. मधल्या ऑगस्टमध्ये हार्वी चक्रीवादळ टेक्सासवर आदळलं, तेव्हाची त्याची चित्रं जगाने पाहिली, पण ती ‘प्राथमिक, सेवेत नसलेली’ अशा शेऱ्यासह दिली जात होती. युरोपच्या मेटिओसॅट-१२ ला उड्डाणापासून सेवेपर्यंत जवळपास दोन वर्षं लागली.

कक्षेतली यांत्रिक तपासणी ही तिसरीच गोष्ट, ती इथेच बाजूला ठेवू. सौर पंख उघडले का, अँटेना वळते का, यंत्र पुरेसं थंड होतं का, असं सगळं त्यात येतं. २०१८ मध्ये गोज-१७ च्या मुख्य कॅमेऱ्याची शीतकरण नळी नीट चालत नाही हे याच टप्प्यावर उघड झालं. ती यंत्राची बिघाडकथा आहे, कॅलचीही नाही आणि व्हॅलचीही नाही.

आता कॅलिब्रेशन. हे तुम्हाला ठाऊक आहे. भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का असतो, घरचं बीपीचं मशीन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघतो, तेच हे. इन्सॅटच्या इमेजरमधून, म्हणजे चित्रं काढणाऱ्या यंत्रातून, प्रत्येक ठिपक्यासाठी ० ते १०२३ मधला एक आकडा येतो. तो आकडा म्हणजे तापमान नव्हे. यंत्र आधी रिकाम्या, थंडगार अवकाशाकडे बघतं, मग आपल्याच पोटातल्या ज्ञात तापमानाच्या काळ्या पट्टीकडे. दोन बिंदू मिळाले की त्यातून रेष ओढायची आणि आकड्यावरून प्रारण (रेडिएशन) काढायचं, प्रारणावरून तापमान. दृश्य प्रकाशाच्या चॅनलला अशी पट्टी उपयोगाची नाही, म्हणून कच्छच्या रणातल्या पांढऱ्याशुभ्र मिठाचा आधार घेतात. जमिनीवर माणसं उपकरणं घेऊन उभी, वर उपग्रह, दोघं एकाच वेळी एकच मीठ बघतात. शिवाय युरोपच्या मेटॉप उपग्रहावरच्या आयासीसारख्या विश्वासू यंत्राशी तुलना होते: तीच जागा, तीच वेळ, जवळपास तोच कोन. फरक निघाला की दुरुस्ती लावायची.

एवढी गंमत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या गोज उपग्रहांत मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिब्रेशन बिघडायचं. त्या वेळी सूर्य पृथ्वीच्या पलीकडून थेट यंत्राच्या तोंडात डोकावतो, आतले भाग तापतात आणि ज्या काळ्या पट्टीवर भरवसा ठेवायचा तिच्याच मापात खोट येते. काट्याचं वजनच उन्हाने फुगावं, तसं.

आता अडखळायची जागा. काटा शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यावर हापूसची बंद पेटी ठेवली आहे. वजन अचूक आलं. मी विचारतो, आत आंबे किती? काटा हे सांगत नाही. तुम्ही म्हणता, एक आंबा सरासरी अमुक वजनाचा, तेव्हा पाच डझन असावेत. हा तुमचा हिशोब झाला. तो बरोबर की चूक, हे पेटी उघडून आंबे मोजल्यावरच कळेल. पेटी उघडून मोजणं म्हणजे व्हॅलिडेशन. आणि पाचाऐवजी साडेचार डझन निघाले म्हणून कोणी काटा दुरुस्तीला पाठवत नाही.

उपग्रहांच्या बाबतीत मात्र लोक रोज काटाच दुरुस्तीला पाठवतात. जुलैत आंबोलीला धो धो पाऊस पडतोय, उपग्रहाच्या नकाशावर तिथे किरकोळ रंग, आणि लगेच निदान: ‘कॅलिब्रेशन गंडलंय.’ नाही हो. उपग्रह पाऊस बघतच नाही. तो ढगाच्या माथ्यातून येणारं अवरक्त प्रारण मोजतो, त्यावरून माथ्याचं तापमान निघतं, आणि इथपर्यंत तो बरोबर असतो. पुढचा हिशोब आपला: माथा जितका थंड तितका ढग उंच, ढग जितका उंच तितका पाऊस जास्त. अशा हिशोबांच्या घराण्यातली सगळ्यात साधी रीत अशी, की माथा २३५ केल्विनपेक्षा, म्हणजे उणे ३८ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर ताशी ३ मिलिमीटर धरायचा, नसेल तर शून्य. ही सांगड १९७४ च्या एका मोहिमेत अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यावर मिळालेल्या निरीक्षणांतून आली. म्हणजे एका आंब्याचं सरासरी वजन तिकडच्या बागेतलं.

सह्याद्रीवर मान्सूनमधला पाऊस बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो. समुद्रावरून आलेली ओली हवा घाटाला धडकून वर चढते आणि माथा गोठायच्या आतच ढग रिता होतो. अशा ढगाचा माथा उणे ३८ च्या जवळपासही जात नाही, त्यामुळे हिशोबात त्याचा पाऊस शून्य. उलट कुठेतरी दूर वादळी ढग विरतो आणि त्याचा पसरट, पिंजलेल्या कापसासारखा माथा वाऱ्याने वाहत येतो. तो अतिशय थंड असतो, खाली टिपूस नसतो, तरी हिशोबात पाऊस. दोन्ही वेळा तापमान बिनचूक मोजलेलं असतं.

नंतरच्या रीती शहाण्या झाल्या. हायड्रो-एस्टिमेटर नावाच्या रीतीत डोंगराचा चढ आणि वाऱ्याची दिशा धरून पावसाचा आकडा वाढवतात किंवा कमी करतात. म्हणजे हिशोब बदलला, तेव्हा पेट्या पुन्हा उघडणं आलं. पेट्याही नव्या हव्यात. सरासरी ठरवताना ज्या पेट्या उघडल्या त्याच पुन्हा मोजून ‘बघा, जुळलं’ म्हणण्यात काही अर्थ नाही. हे वाक्य मी दरवर्षी बोलतो आणि दरवर्षी कोणीतरी आयमर्गच्या (नासाच्या, उपग्रहांवरून काढलेल्या पावसाच्या आकडेवारीच्या) अंतिम आवृत्तीचे मासिक आकडे जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी ताडून, उत्तम जुळल्याचा आनंद साजरा करतं. त्या आवृत्तीत महिन्याच्या पातळीवर पर्जन्यमापकांचे आकडे आधीच मिसळलेले असतात. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच.

म्हणून माझा आग्रह असा: कॅलिब्रेशनमध्ये फरक दिसला की आकडा दुरुस्त करा; व्हॅलिडेशनमध्ये फरक दिसला की तो आधी लिहून ठेवा. कुठे, कुठल्या महिन्यात, कुठल्या ढगांत, किती. समुद्रावर बरा, घाटमाथ्यावर कमी सांगतो, विदर्भातल्या वादळी ढगांत ठीक, अशी ती यादी असते. तिला ‘पास’ किंवा ‘नापास’ असा एका शब्दातला निकाल नसतो. ही यादी घाईने होत नाही, कारण ऋतू घाई करत नाहीत. फेब्रुवारीत सुटलेल्या उपग्रहाला पहिला मान्सून जूनमध्येच भेटणार आणि उत्तरेतलं दाट धुकं डिसेंबर-जानेवारीत.

जमिनीवरचं माप तरी सत्य का, हा पुढचा घोळ. इन्सॅट-३डीएसवरचा साउंडर हवेच्या थरांचं तापमान आणि ओलावा काढतो, तो आपण सांताक्रूझ, नागपूर, पणजी इथून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेला धरून सोडलेल्या, उपकरणं बांधलेल्या फुग्यांशी ताडतो. फुगा काही सरळ वर जात नाही, वाऱ्याबरोबर वाहवत जातो. वर पोचेपर्यंत तास-दीड तास गेलेला असतो आणि तो भलत्याच ठिकाणी असतो. समुद्राचं तापमान घ्या. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ उपग्रहांच्या कॅल-व्हॅलसाठी मुद्दाम सोय केलेली आहे. तरंगतं यंत्र पाण्याच्या आत मोजतं, उपग्रह मोजतो ती वरची साय, मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा हिस्सा जाडीची. ती साय सहसा खालच्या पाण्यापेक्षा किंचित गार असते. दोन्ही यंत्रं बरोबर आणि आकडे वेगळे! अशा वेळी एकाला दुसऱ्यासारखं करायला गेलं की संपलंच.

पर्जन्यमापकाचं तोंड वीतभराचं. इन्सॅटच्या तापमान मोजणाऱ्या अवरक्त चॅनलचा एक ठिपका चांगल्यात चांगला चार किलोमीटर लांब, चार किलोमीटर रुंद. पुण्यात डेक्कनला पाऊस आणि कोथरूडला ऊन हे ज्याने अनुभवलंय त्याला आणखी सांगायला नको.

आणि तारीख. हा माझा सगळ्यात जुना राग. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहितात. उपग्रहाचा दिवस बहुधा जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे साडेपाचला संपतो. एका विद्यार्थिनीने तारखेला तारीख लावून तक्ता केला, काहीच जुळेना, आणि ती तीन दिवस ‘सर, कॅलिब्रेशन’ म्हणत होती. मी तिला एकच काम सांगितलं: २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस शोध. ती २६ जुलैच्या रकान्यात शोधत बसली. तो पाऊस २७ जुलैच्या सकाळी साडेआठला वाचलेला, म्हणून २७ तारखेला आहे.