फटफटी (खानदेश)

खानदेशात जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली बाळगण्याचा, दुरुस्त करून चालत्या ठेवण्याचा आणि कामाला वापरण्याचा रिवाज. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत फटफटी म्हटले की मुख्यतः राजदूत १७५, जावा, येझदी आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्या समजल्या जातात. बुलेट फोर-स्ट्रोक, तिचे चाहते वेगळे आणि तोराही वेगळा, म्हणून ती या नोंदीत घेतलेली नाही. मोठ्या शहरांत जुनी गाडी हा संग्राहकाचा छंद असतो. इथे तो बव्हंशी मिस्तरीच्या भरवशावरचा कारभार आहे. पॉइंट (प्लगची ठिणगी पाडण्यासाठी करंट जोडणारी-तोडणारी पट्टी) लावून देणारा जुना मिस्तरी गावात असेतोवर गाडी चालते; तो थकला की गाडी गोठ्यात कडब्याशेजारी उभी राहते.

राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून बनवली. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवर ती बेतलेली होती. १७३ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि मूळ गाडीला तीनच गिअर. वेग बेताचा, पण बैलगाडीच्या चाकोरीतून आणि काळ्या मातीच्या पांदीतून ती निघत असे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात रात्रीची लाइट आली की विहिरीवरची मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा दोन्ही बाजूंना कॅन लटकवून डेअरी गाठणाऱ्या गवळ्याला याहून जास्त काही नको होते. लग्नात जावयाला फटफटी देण्याची चाल याच काळात बोकाळली. तिच्यापायी किती वधुपित्यांनी शेत गहाण टाकले असेल, याचा विचार जुन्या राजदूतचे कौतुक करताना सहसा कोणी करत नाही.

जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची; भारतातील उत्पादन १९६०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले, १९७३ पासून हीच गाडी येझदी नावाने निघू लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर ही तिची ओळख. आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) कॉलेजच्या पोरांची गाडी. ९८ घन सेंटिमीटरमधून ११ अश्वशक्ती काढणारी ही हलकी गाडी अजूनही चढ्या भावाने विकली जाते, आणि तिची बनावट जोडणीही होते. राजदूत ३५० ही दोन सिलिंडरची, सहा गिअरची यामाहा १९८०च्या दशकात आली. पेट्रोल इतके पिणारी गाडी शेतकऱ्याला परवडणारी नव्हती.

साध्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी तेलाची टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. राजदूत, जावा आणि येझदीला लिटरमागे साधारण ४० ते ५० मिलिलिटर टू-टी तेल लागते. आरएक्स १००ला मात्र तेल सोडणारा स्वतंत्र पंप आहे. तेल कमी पडले तर पिस्टन घासतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि मागच्याला धुराशिवाय काही दिसत नाही.

पेट्रोलबरोबरच तेल जाते, या एका गोष्टीमुळे फटफटी घाटात चालवण्याची रीतच बदलते. चाळीसगावच्या वरचा कन्नडचा औट्रम घाट किंवा शहाद्याकडून चढणारा, सातपुड्यात अकराशे मीटरहून अधिक उंचीवरच्या तोरणमाळचा रस्ता, या दोन्ही ठिकाणी चढापेक्षा उतार धोक्याचा. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये ठेवली की चाके इंजिनाला जोरात फिरवत राहतात, पण पेट्रोल जवळजवळ बंद झालेले असते. म्हणजे तेलही बंद. आधीच तापलेला सिलिंडर कोरडा पडतो, पिस्टन फुगून चिकटतो आणि मागचे चाक एकदम जाम होते. जाणता चालक म्हणून उतारावर मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर थोडा पिळतो, आणि आवाज घुसमटल्यासारखा वाटला की दुसरा काही विचार न करता क्लच दाबतो. इंजिनाचा ब्रेक फोर-स्ट्रोकइतका लागत नाही आणि ड्रम ब्रेक तापले की ढिले पडतात, तेव्हा मुळात वेग चढू न देणे हाच खरा उपाय.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची तेव्हा परीक्षा असते. एक दुखणे ठरलेले: सकाळी गाडी एका किकमध्ये सुरू होते, पंधरा-वीस किलोमीटरवर फटफट करत बंद पडते, बाभळीखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा निमूट चालते. नवखा माणूस कार्बोरेटर उघडून बसतो. दोष बहुतेक वेळा कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या आणि तिथली ठिणगी शोषणाऱ्या छोट्या डबीचा निघतो. तापल्यावर त्याचे आतले आवरण टिकाव धरत नाही, पॉइंटवर ठिणग्या उडू लागतात आणि प्लगपर्यंत करंट पोचत नाही. लांब जाणारे लोक म्हणून डिकीत जादा कंडेन्सर, प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवतात. पॉइंटची फट जावा-येझदीला सुमारे ०.४ मिलिमीटर असते. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बघताना जुना मिस्तरी पॉइंटच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून मॅग्नेट हळूहळू फिरवतो. कागद ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी पॉइंट उघडला.

येझदीत किक आणि गिअरचा लिव्हर एकच आहे. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, मारून झाल्यावर पुन्हा पुढे आणला की गिअर. थंडीत कार्बोरेटरवरची टिकली दाबून पेट्रोल ठिबकू द्यायचे आणि मग किक मारायची. तापलेल्या गाडीला टिकली दाबली तर ती ओव्हर होते, म्हणजे जादा पेट्रोलने प्लग भिजतो, मग प्लग काढून पुसण्याखेरीज गत्यंतर नाही.

तेल जळून उरणारा कार्बन सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरच्या तोंडाशी साचतो. गाडी ओढेनाशी झाली की सायलेन्सरची आतली नळी काढून जाळतात किंवा कॉस्टिक सोड्यात भिजवतात. नंतरची पायरी बोअर करण्याची: सिलिंडर किंचित मोठा घासून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकणे. त्यालाही मर्यादा असते. शेवटचे माप संपले की सिलिंडरच्या आत नवी स्लीव्ह (नळी) बसवावी लागते. अलीकडे इथेनॉलमिश्रित पेट्रोलने नवी कटकट आणली आहे. इथेनॉल ओलावा ओढते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि जुन्या रबरी नळ्या व वायसर फुगतात. गाडी ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवणे बरे.

खरेदीत गाडीपेक्षा कागद पाहावेत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे शहादा-तळोद्याच्या जुन्या गाड्यांवर एमएच-३९ ऐवजी एमएच-१८ असणे साहजिक आहे. त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. संशय घ्यावा तो इंजिन आणि चेसीच्या नंबरांवर. ठोकलेले आकडे आणि आरसी पुस्तकातले आकडे जुळले पाहिजेत. मालक वारलेला असेल तर वारसाच्या नावे फॉर्म ३१ वर हस्तांतर आधी करून घ्यावे लागते, आणि भाऊबंदकीत गाडी अडकते ती इथेच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. सोबत पर्यावरण करही भरावा लागतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राहिलेली दुचाकी वा चारचाकी तिला पात्र ठरते. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. जुन्या जावा आणि राजदूत यात बसतात. पहिली आरएक्स १०० बसायला २०३५ उजाडेल. अट मात्र अशी की व्हिंटेज वाहन प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. त्यामुळे राजदूतवर मळ्यात जाणाऱ्या शेतकऱ्याला या नोंदणीचा उपयोग नाही, आणि तो दर पाच वर्षांनी आरटीओच्या खिडकीसमोरच उभा राहतो.