पार्श्वभूमी: धावून उभा राहणारा संशोधन निधी आणि बिबचे पैसे कोणाचे?

वैद्यकीय संशोधनासाठी पैसा उभा करायची ही रीत धावण्यातून नव्हे, चालण्यातून आली. ऑक्टोबर १९५३ मध्ये प्वेर्तो रिकोतला एक लाडका विनोदी नट सान हुआनहून पोन्सेपर्यंत सुमारे ८० मैल चालत गेला आणि कर्करोगाविरुद्धच्या कामासाठी ८५,००० डॉलर जमले. पोलिओची लस आल्यावर जन्मजात व्यंगांच्या प्रश्नाकडे वळलेल्या एका अमेरिकी संस्थेने १९७० पासून शहरोशहरी पदयात्रा भरवल्या. मैलामागे अमुक सेंट, असा कागदावर शब्द घ्यायचा, चालून झाले की दारोदार वसुली करायची. शब्द देणारे सगळे पैसे देतातच असे नाही, त्यामुळे कागदावरची बेरीज आणि बँकेतली बेरीज यांत फरक पडायचा. तो फरक आजही पडतो, फक्त जागा बदलली आहे.

१९८० साली कॅनडात जे घडले त्याने या रीतीला चेहरा दिला. हाडाच्या कर्करोगाने १९७७ मध्ये उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागलेला २१ वर्षांचा तरुण १२ एप्रिलला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून कृत्रिम पायावर निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन इतके अंतर तो कापत होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबरला थंडर बेजवळ, कर्करोग फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाखांहून जास्त डॉलर जमले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतके. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. त्याच्या नावाने दरवर्षी होणाऱ्या धावेचे नियम मात्र पहिल्यापासून कडक राहिले: प्रवेश शुल्क नाही, किमान रकमेची सक्ती नाही, स्पर्धा नाही, कंपन्यांच्या जाहिराती नाहीत. मुंबईतही ही धाव झाली आणि तिचा पैसा परळच्या कर्करोग रुग्णालयाकडे गेला.

पुढच्या दहा-बारा वर्षांत मोठ्या शहरांच्या मॅरेथॉन नेमक्या उलट्या वाटेने गेल्या. १९८८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलीच्या वडिलांनी ३८ जणांचा गट न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये उतरवला आणि ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. त्यातून सौदा ठरला: संस्था प्रशिक्षक देते, प्रवेश मिळवून देते, प्रवासाचा खर्च उचलते, धावपटू त्या बदल्यात ठरावीक रक्कम जमवून देतो. १९८९ पासून बॉस्टननेही संस्थांना जागा दिल्या. तिथल्या एका कर्करोग संस्थेचा गट १९९० पासून धावतो आणि त्याचा पैसा थेट मूलभूत संशोधनाच्या एकाच कार्यक्रमात जातो. हे उदाहरण वेगळे काढून सांगायला हवे, कारण बहुतेक ठिकाणी ‘संशोधन’ हा शब्द पोस्टरवर असतो आणि पैसा संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात.

लंडनने १९९३ मध्ये जागांची हमी विकायला काढली. शर्यतीला जागांपेक्षा कितीतरी पट अर्ज येत होते (२०२६ च्या शर्यतीसाठी सोडतीत ११ लाखांवर अर्ज आले), म्हणून संस्थेने आयोजकाला दर जागेमागे काही शेकडो पौंड मोजायचे आणि त्या जागेवर धावणाऱ्याकडून साधारण २,००० पौंडांची हमी घ्यायची. गणित सोपे आहे. धावपटूने हमी पुरी केली तर संस्थेला जागेच्या पाचपट-सहापट मिळते. तो जायबंदी होऊन शर्यतीआधी, मार्चमध्ये थांबला आणि जमवाजमव अर्ध्यावर सोडली, तर जागेचे पैसे संस्थेच्याच अंगावर पडतात. टाचेच्या किंवा नडगीच्या दुखण्याने ऐनवेळी गळणारे दरवर्षी असतातच. म्हणून जाणत्या संस्था हमीचा काही हिस्सा प्रशिक्षणाच्या काळातच, टप्प्याटप्प्याने मागून घेतात. मोठ्या संस्थांनी जागा अडवल्या आणि नव्या, लहान संस्था ताटकळत राहिल्या, ही तक्रार रास्त आहे. तरीही या एका व्यवस्थेने शर्यतीला जगातला सर्वांत मोठा एकदिवसीय निधी-उत्सव बनवले, हे नाकारता येत नाही. २०२५ मध्ये ती रक्कम ८ कोटी ७३ लाख पौंडांवर गेली.

ही जाहीर होणारी रक्कम ढोबळ असते. जागेचे पैसे, टी-शर्ट, प्रशिक्षण, देणगी-संकेतस्थळाची कपात यांतले काहीच त्यातून वजा झालेले नसते.

भारतात ही रीत खऱ्या अर्थाने १५ फेब्रुवारी २००४ ला, पहिल्या मुंबई मॅरेथॉनबरोबर आली. तोवर पाश्चात्त्य अनुभव पिकलेला होता, त्यामुळे संस्थांसाठी राखीव बिब (धावपटूने छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे शर्यतीतली जागा), स्वतःच्या नावाने निधी जमवणारे धावपटू आणि कंपन्यांचे संघ ही तिन्ही अंगे इथे जवळपास तयार आली. पैसा मुख्यतः शिक्षण, अपंगत्व, रुग्णांना उपचारासाठी मदत अशा कामांकडे वळला. प्रयोगशाळेकडे फार थोडा गेला. त्याचे कारण देणगीदारांचा कल एवढेच नाही. कायद्याची रचनाही आहे, आणि त्यातला सगळ्यात गुंतागुंतीचा निर्णय २०१४ चा.

कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चणे १ एप्रिल २०१४ पासून बंधनकारक झाले. शर्यतींच्या आयोजकांना आणि संस्थांना वाटले, आता कंपन्यांच्या संघांचे पैसे याच खात्यातून येतील. अडीच महिन्यांत, १८ जून २०१४ ला, कंपनी व्यवहार मंत्रालयाचे परिपत्रक आले. त्यात एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत असे म्हटले होते, आणि उदाहरणांच्या यादीत मॅरेथॉनचे नाव सुरुवातीलाच होते. हेतू समजण्यासारखा होता: फलकावरच्या जाहिरातीला समाजकार्य म्हणता येऊ नये. पण या ओळीचा अर्थ लावताना अनेक कंपन्यांच्या लेखाविभागांनी शर्यतीशी जोडलेली प्रत्येक देणगीच बाद धरली. इथे नुकसान झाले ते संस्थांचे.

परिपत्रक नीट वाचले तर वाट निघते, फक्त एका धनादेशाचे दोन करावे लागतात. संघाचे प्रवेश शुल्क, टी-शर्ट, कर्मचाऱ्यांचा प्रवास, फलक हे सगळे विपणन किंवा मनुष्यबळ विभागाच्या खर्चात. संस्थेच्या प्रकल्पाला दिलेली रक्कम वेगळी, वेगळ्या करारावर, प्रकल्पाचे नाव, कालावधी आणि टप्पे लिहून. २०२१ च्या नियमांनी हे आणखी काटेकोर केले: केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम चालणार नाही, विपणनाचा लाभ देणारे प्रायोजकत्व चालणार नाही, कंपनीचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत हवा आणि पैसे घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची सरकारी) नोंदणी हवी. सगळ्यात जास्त घोटाळा बिबच्या पावतीत होतो. संस्था कंपनीला २० बिब देते, कंपनी एकच रक्कम पाठवते, संस्था एकच देणगी-पावती फाडते. त्या रकमेत बिबची किंमत मिसळलेली असेल तर तेवढा भाग देणगी नाहीच. मोबदला घेऊन दिलेले पैसे आहेत ते. लेखापरीक्षणात ती पावती अख्खीच संशयात येते. बिबचे बिल आधी, देणगीची पावती नंतर आणि वेगळ्या क्रमांकाची, हा साधा नियम पाळला तर पुढची भांडणे टळतात.

संशोधनासाठी आणखी एक अडचण आहे. प्रयोगशाळेला तीन ते पाच वर्षांचा पैसा लागतो. एका संशोधन साहाय्यकाची नेमणूक जानेवारीतल्या एका रविवारच्या शर्यतीवर टांगून ठेवता येत नाही. कंपन्यांच्या खर्चात ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी घेतली तर सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे मिळतात, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते. २०१९ मध्ये सार्वजनिक विद्यापीठे आणि वैद्यकासह विज्ञानातले संशोधन या खर्चात चालणाऱ्या कामांच्या यादीत स्पष्टपणे आले. शर्यतीच्या व्यासपीठावर याचा उल्लेख क्वचितच होतो, ही मोठी उणीव आहे.

व्यक्तिगत देणगीचे गणित वेगळे. १९६१ च्या आयकर कायद्यात मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला दिलेल्या रकमेवर व्यावसायिकाला १७५ टक्के वजावट होती. एप्रिल २०१७ पासून ती १५०, एप्रिल २०२० पासून १०० टक्के झाली. धावपटूच्या देणगी-संकेतस्थळावरच्या पानावर आलेली रक्कम मात्र बहुधा पैसे गोळा करून संस्थांना वाटणाऱ्या मधल्या न्यासाच्या खात्यात जाते आणि पावती ८०-जीची (त्याच कायद्यातले, धर्मादाय देणगीवर वजावट देणारे कलम), सहसा ५० टक्क्यांची मिळते. संशोधनाची मान्यता प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेची असते, मधल्या न्यासाला ती उसनी घेता येत नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्याला ८०-जीचाही लाभ नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही नाही. शिवाय संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांचे विवरण भरावे लागते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पॅनचा एक आकडा चुकला की देणगीदाराच्या हाती पडणारे प्रमाणपत्र निरुपयोगी. म्हणून पॅन देणगीच्या क्षणीच घ्यावा. शर्यत झाल्यावर फोन करून मागितला की निम्मे लोक उत्तर देत नाहीत.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी नागरिकत्वाचा प्रश्न येतो. न्यू जर्सीतल्या भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, ती परदेशी देणगी. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीला पुढे देणे बंद झाले आणि तो दिल्लीतल्या ठरावीक बँक शाखेतच घ्यावा लागतो. धावपटूंचे पैसे गोळा करून संस्थांना वाटणाऱ्या मधल्या न्यासाची व्यवस्था नेमकी इथे अडली. आता अशा देणगीदाराने परदेशी देणगी घेण्याची नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेच्या खात्यात थेट पैसे भरणे, हाच मार्ग उरतो.

त्याच वर्षी, २०२० मध्ये, कोविडमुळे शर्यती बंद पडल्या. ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या कर्करोग-संशोधन संस्थेने एप्रिल २०२० मध्ये संशोधनात ४ कोटी ४० लाख पौंडांची कपात जाहीर केली. तिची धर्मादाय दुकाने बंद होती आणि धावा रद्द झाल्या होत्या. फोनवरच्या ॲपने धावायची पद्धत त्यानंतर झपाट्याने रुळली. मज्जारज्जूच्या संशोधनासाठी २०१४ पासून होणारी एक जागतिक धाव आज मुख्यतः अशीच होते. सगळे एकाच क्षणी सुटतात, अर्ध्या तासाने ‘पाठलाग करणारी गाडी’ निघते आणि ती गाठेल तिथे शर्यत संपते. प्रवेश शुल्काची पूर्ण रक्कम संशोधनाला जाते, कारण व्यवस्थापनाचा खर्च प्रायोजक उचलतात. भारतात ती मेच्या सुरुवातीला दुपारी साडेचारला सुटते. विदर्भात त्या वेळी पारा चाळिशीच्या वर असू शकतो, तेव्हा पाणी आणि मीठ सोबत हवे आणि रस्ता सावलीचा निवडावा. शुल्क परदेशी संस्थेकडे जाते, म्हणून त्यावर ८०-जीची पावती मिळत नाही.