झाकणाखालचा गवती चहा

परसात, गॅलरीतल्या कुंडीत किंवा मोरीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहाचा ठोंब मराठी घराला नवा नाही. पावसाळ्यात घरात कोणी शिंकू लागले की चार पाती जपून कापायच्या, कारण त्यांच्या धारेने बोट चिरते, मग त्यांची गाठ मारायची, आल्याचा तुकडा ठेचायचा आणि सगळे उकळत्या पाण्यात टाकायचे, हा क्रम बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला आहे. नावात चहा असला तरी हे गवत ऊस आणि ज्वारीच्या जवळच्या नात्यातले आहे आणि त्यात कॅफिन नसते.

त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्यामुळे येतो. पातींपासून काढलेल्या तेलात सिट्रलचे प्रमाण साधारण ६५ ते ८५ टक्के असते. हे तेल पातीच्या आतल्या पेशींत साठलेले असल्यामुळे अखंड पातीपेक्षा बारीक कातरलेली किंवा चुरडलेली पात ते अधिक सहज सोडते. सिट्रलचा उत्कलनबिंदू २२९ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे; म्हणजे १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्यात ते टिकून राहायला हवे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र पाण्यात न विरघळणारे तेल आणि पाणी एकत्र तापले की दोघांच्या बाष्पांचे दाब एकमेकांत मिळवले जातात आणि पाण्याच्या वाफेबरोबर तेलही बाहेर पडते. सुगंधी तेलांच्या ऊर्ध्वपातनाच्या भट्ट्या याच तत्त्वावर चालतात, आणि आपले उघडे पातेलेही. घरभर सुटलेला घमघमाट म्हणजे कपात उतरायला हवे होते तेच हवेत गेलेले असते. पातेल्यावर झाकण ठेवून पाच-सात मिनिटांनी ते उचलून पाहावे: आतल्या बाजूला जमलेल्या थेंबांना गवती चहाचा वास येतो. ते थेंब पातेल्यातच निथळू द्यावेत.

उकळणे आणि झाकून मुरू देणे यांतला भेद आयुर्वेदाने फार पूर्वी ओळखला होता. मुळ्या, साली यांसारखी कठीण द्रव्ये पाण्यात आटवून करतात तो क्वाथ, म्हणजेच आपला काढा. कोवळ्या, सुगंधी द्रव्यांवर गरम पाणी ओतून, झाकून, गाळून घेतात तो फांट. आल्याचा तिखटपणा देणारे जिंजेरॉल सहजी उडून जात नाही, म्हणून आले आधी उकळावे, मग गॅस बंद करून गवती चहा आणि तुळशीची पाने घालून झाकावे. सगळे एकत्र घालून अर्धे पाणी आटेपर्यंत उकळण्याची पद्धत पानांच्या बाबतीत मला चुकीचीच वाटते.

या कपाने बरे का वाटते, याच्या उत्तराचा मोठा भाग उष्णतेत आहे. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये सर्दी-पडसे झालेल्या ३० जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. फळांच्या रसाचे एकच पेय गरम दिले तेव्हा नाक वाहणे, खोकला, शिंका, घशाची खवखव, हुडहुडी आणि थकवा या साऱ्यांत आराम वाटला. खोलीच्या तापमानाचे दिले तेव्हा फक्त पहिल्या तीन तक्रारी कमी झाल्या. त्यात कोणतीही औषधी वनस्पती नव्हती. गवती चहाचे तेल प्रयोगशाळेत जंतूंना रोखते हे खरे असले, तरी त्या चाचण्यांतले तेल कपातल्यापेक्षा कितीतरी तीव्र असते. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला मात्र बऱ्यापैकी पुरावा आहे.

काही पानांत खरोखर प्रभावी द्रव्ये असतात. अडुळशातल्या व्हॅसिसिनच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. ज्याचा परिणाम होतो त्याचा अपायही होऊ शकतो, म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळतात. जेष्ठमध रोज घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. एक वर्षाखालच्या बाळाला खोकल्यासाठी मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घराघरांत उकळू लागला, आणि सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. या निष्कर्षावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता. वाद काहीही असो, यकृताचा विकार किंवा स्वप्रतिकारक आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) असलेल्यांनी महिनोन्‌महिने असा काढा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडशाला, खवखवत्या घशाला गवती चहा खुशाल द्यावा. पण पावसाळ्यात तापाबरोबर पोटात तीव्र दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा धाप लागत असेल, तर पातेले चढवण्यात वेळ घालवू नये; डेंग्यूत ताप उतरू लागतो तेव्हाच प्रकृती बिघडण्याचा धोका अधिक असतो. आणि कोणती औषधे चालू आहेत, असे डॉक्टरांनी विचारले की गोळ्यांच्या जोडीला घरचा काढाही, त्यात काय काय घातले होते यासह, सांगावा.