विज्ञानकथा मालिकांतील नैतिक संदिग्धता

विज्ञानकथेवर बेतलेल्या दूरचित्रवाणी मालिकांत पात्रांच्या वागण्याचा निवाडा सोपा न ठेवण्याची आणि त्या आडून युद्ध, वसाहत, नागरिकत्व असे राजकीय प्रश्न मांडण्याची रीत. नायक चुकला एवढ्याने हे साधत नाही. त्याच्या चुकीने प्रेक्षकाला हवे तेच घडते, तेव्हा खरी पंचाईत सुरू होते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’मधील १९९८ सालचा ‘इन द पेल मूनलाइट’ हा भाग. हरत चाललेल्या युद्धात रोम्युलन या तटस्थ परग्रहवासीयांना ओढण्यासाठी मालिकेचा नायक कॅप्टन सिस्को खोटा पुरावा तयार करवतो. ज्याला तो दाखवायचा तो रोम्युलन सिनेटर बनवाबनवी ओळखतो आणि परतीच्या वाटेवर स्फोटात मारला जातो. घातपात सिस्कोच्या साथीदाराने परस्पर केलेला असतो, पण योजना त्यामुळेच फळते. शेवटी सिस्को हातात पेला धरून सगळे नोंदवहीत बोलतो, आपण हे पचवू शकतो असे स्वतःला बजावतो आणि ती नोंद पुसून टाकायला सांगतो. कबुलीला साक्षीदार उरतो तो फक्त प्रेक्षक.

१९६६च्या मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये असे प्रसंग मुरायला जागा नव्हती. दर भागात नवा ग्रह, प्रश्न सुटला की यान पुढे निघाले. १९९३मध्ये सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’मध्ये यान नसून अंतराळ स्थानक होते. ते जागचे हलत नाही, म्हणून केलेले दाराशी परत येते. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ने (२००४–०९) यापुढची मजल मारली. तिच्यात यंत्रमानवांनी व्यापलेल्या वस्तीत आत्मघाती स्फोट घडवणारी माणसे ‘आपली’ आहेत. हे भाग २००६ साली, इराकमध्ये अमेरिकी फौजा असताना, अमेरिकेत प्रसारित झाले. मार्च २००९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयात या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्कांवर चर्चाही झाली.

मुंबईच्या प्रेक्षकाला सर्वांत जवळून भिडावी अशी मालिका ‘द एक्स्पान्स’ (२०१५–२२). लघुग्रहांच्या पट्ट्यातले कामकरी पृथ्वी आणि मंगळासाठी राबतात आणि स्वतः मोजून मापून हवा-पाणी वापरतात. कथेला तोंड फुटते तेच बर्फ वाहणाऱ्या जहाजाच्या नाशाने. टँकरची वाट पाहिलेला माणूस साहजिकच पट्ट्यातल्यांची बाजू घेतो. पण मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरवर असतात. त्या हिशेबाने मुंबईकर पृथ्वीवाला ठरतो. पट्ट्यातलाच एक पुढारी पुढे पृथ्वीवर लघुग्रह सोडतो, तेव्हा कोणाच्या बाजूने बघायचे ही अडचण इथे नुसती पडद्यावरची राहत नाही.

भारतीय दूरचित्रवाणीवर हा बाज उशिरा आला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने मूळ ‘स्टार ट्रेक’ दाखवली. १९९८च्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये निसटलेले गुन्हेगार पकडायचे होते, त्यात घोळ नव्हता. मराठीत विज्ञानकथा वाढली ती छापील पानावर. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली होती, हा किस्सा सर्वश्रुत आहे. वाहिन्यांनी मात्र हा वारसा फारसा उचलला नाही.

ओटीटीवरील ‘लैला’ (२०१९) ही हिंदी मालिका थेट राजकीय आहे. आर्यावर्त नावाच्या राज्यात भिंतींनी वस्त्या वाटलेल्या आहेत, आंतरधर्मीय विवाहातली मुले ‘मिश्रित’ ठरतात आणि नायिका शालिनी हरवलेल्या मुलीला शोधत फिरते. अन्याय तिच्यावरच होतो. पण घरावर जमाव चालून येतो तेव्हा, पाण्याची टंचाई असताना, तिचे कुटुंब स्वतःच्या तरणतलावात असते.