सुरत, १९९४ : प्लेगनंतर शहर कसे सावरले

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या पुढे गेली होती. यंत्रमाग आणि हिऱ्यांच्या धंद्यामुळे ओडिशा, उत्तर प्रदेश, सौराष्ट्र आणि खानदेशातून आलेले कामगार दाटीवाटीच्या वस्त्यांत राहत होते. तापीला पूर येऊन गेला होता. वेड रोडसारख्या सखल भागात गाळ साचला होता, गटारे तुंबली होती आणि मेलेली जनावरे वेळेवर उचलली गेली नव्हती. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले होते.

देशभरातील मृत्यू पन्नासच्या आसपास नोंदले गेले. आकडा लहान होता, भीती मात्र अफाट होती. काही लाख लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या आणि अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावली. रोग प्लेगच आहे का, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद चालला. प्रयोगशाळेतील निदानाला लागलेला हा उशीर अफवांना पोसणारा ठरला, आणि माझ्या मते साथीतील सर्वांत महागात पडलेली चूक तीच होती.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. पालिका तीच होती, कामगार तेच होते आणि कायदेही जवळजवळ तेच होते. बदलली ती कामाची रीत. शहराचे सहा झोन करून प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार देण्यात आले, त्यामुळे तुंबलेल्या गटाराची फाइल मुख्यालयात अडकून पडेनाशी झाली. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वस्त्यांत फिरायचे आणि दुपारी आयुक्तांसमोर हिशेब द्यायचा, असा दंडक पडला. मुख्य रस्ते रात्री पुन्हा झाडले जाऊ लागले. कचरा टाकणाऱ्यांना आणि अस्वच्छ खाणावळींना दंड झाला. अतिक्रमणे पाडताना वजनदार लोकांच्या बांधकामांनाही सोडले नाही, म्हणून कारवाईवर लोकांचा विश्वास बसला. दीड-दोन वर्षांत एका सर्वेक्षणात सुरत चंडीगडपाठोपाठ देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरले.

झाडलोटीइतकेच महत्त्वाचे, पण कमी बोलले जाणारे काम म्हणजे रुग्णांची दैनंदिन नोंद. सरकारी इस्पितळांबरोबर खासगी दवाखान्यांतूनही ताप, कावीळ आणि जुलाबाच्या रुग्णांची माहिती पालिकेकडे येऊ लागली. एखाद्या गल्लीत रुग्ण वाढले की तिथले पाणी तपासायचे, जलवाहिनी कुठे फुटली आहे ते शोधायचे आणि डासांची पैदास बंद करायची, हा क्रम ठरून गेला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतांश भाग बुडाला, तेव्हा गाळ उपसण्यासाठी आणि आजारांवर नजर ठेवण्यासाठी हीच झोननिहाय यंत्रणा हाताशी होती.