पूर्वनियती व इच्छास्वातंत्र्य : ख्रिस्ती मतभेद आणि ऐक्य

कोणाचे तारण व्हायचे हे देवाने अनादिकाळीच ठरवले आहे, की देवाची कृपा स्वीकारणे वा नाकारणे माणसाच्या हाती आहे, हा ख्रिस्ती धर्मविचारातील अतिशय जुना वाद होय. पहिल्या मताला पूर्वनियतिवाद म्हणतात. दुसरे मत इच्छास्वातंत्र्यावर भर देते. या वादाने काही चर्चे दुभंगली, हे खरे आहे. परंतु दोन्ही मतांची माणसे एकमेकांना ख्रिस्ती बंधू मानून एकाच चर्चमध्ये राहिली, असेही अनेकदा घडले आणि त्याकडे इतिहासलेखनात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

वादाचे मूळ बायबलमध्येच आहे. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल कुंभार आणि माती यांचा दाखला देऊन निवडीचा अधिकार सर्वस्वी देवाचा असल्याचे सांगतो, तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा असल्याचे म्हटले आहे. फिलिप्पैकरांस पत्रात (२:१२-१३) तर आपले तारण साधून घेण्याची आज्ञा, आणि इच्छा व कृती दोन्ही देवच घडवून आणतो हे विधान, एकापाठोपाठ येतात. त्यामुळे समोरचा शास्त्र मानत नाही, असा आरोप कोणत्याही पक्षाला सहज करता येत नाही.

पाचव्या शतकात सर्व काही कृपेवर अवलंबून मानणारा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) आणि माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचरण साधू शकतो असे मानणारा पेलेजियस यांच्यात या प्रश्नावर संघर्ष झाला व ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसचे मत त्याज्य ठरवले. ५२९ मधील ऑरेंजच्या परिषदेने श्रद्धेचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो असा निर्णय दिला. मात्र देवाने कोणाला दुष्कर्मासाठी नेमले आहे, हे मत तिने तितक्याच ठामपणे धिक्कारले. पाश्चात्त्य चर्चमधील नंतरच्या सामंजस्याला आधार मिळाला तो येथे. पुढील काळातील बहुतेक प्रतिपक्षी कृपेच्या अग्रक्रमाबद्दल एकमत होते. कृपा आणि माणसाची इच्छा यांची गाठ नेमकी कशी पडते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. म्हणूनच माणूस कृपा नाकारू शकतो असे मानणारा डच धर्मपंडित आर्मिनियस याच्या अनुयायांना सरसकट पेलेजियसवादी म्हणणे अन्यायाचे आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा कृपा व इच्छा यांच्या सहकार्यावर भर देत आली, त्यामुळे तेथे हा वाद पश्चिमेइतका पेटला नाही.

ऐक्य राखण्याचा सर्वांत बोलका प्रयत्न रोमन कॅथलिक चर्चमध्ये झाला. जेझुइट या धर्मसंघातील स्पॅनिश पंडित लुईस दे मोलिना याचा ग्रंथ १५८८ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध झाला. कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस स्वेच्छेने काय करील हे देव जाणतो आणि त्या ज्ञानाच्या आधारे आपली योजना आखतो, अशी त्याची मांडणी होती. या ज्ञानाला त्याने ‘मध्यज्ञान’ म्हटले. डॉमिनिकन या दुसऱ्या धर्मसंघातील पंडित दोमिंगो बान्येस याचे म्हणणे असे की, यामुळे देवाचा निर्णय माणसाच्या निर्णयावर अवलंबून राहतो. त्याच्या मते कृपा स्वतःच परिणामकारक असते आणि ती इच्छेला आतून हलवते. रोममध्ये नेमलेल्या मंडळापुढे अनेक वर्षे वादविवाद चालला. अखेर १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल याने निकाल न देण्याचे ठरवले. दोन्ही पक्षांना आपले मत शिकवण्याची मुभा मिळाली. मात्र डॉमिनिकनांनी जेझुइटांना पेलेजियसवादी म्हणू नये आणि जेझुइटांनी डॉमिनिकनांना कॅल्व्हिनवादी (पूर्वनियती मानणारा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याचे अनुयायी) म्हणू नये, असे बंधन घातले गेले. योग्य वेळी देऊ म्हटलेला तो निकाल आजतागायत आलेला नाही. याला निर्णय टाळणे म्हणता येईल. पण ज्याची उकल कोणालाच निर्विवादपणे साधलेली नाही, त्या प्रश्नावरून कोणाला पाखंडी ठरवायचे नाही, हा विवेक त्यात होता.

नेदरलँड्समध्ये उलट घडले. आर्मिनियसच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन दिले आणि डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) ते फेटाळले. वाद तोवर राजकीय सत्तास्पर्धेत गुंतला होता. सुमारे दोनशे धर्मोपदेशक पदच्युत झाले आणि त्यांना आश्रय देणारा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला. तरीही याच सभेने स्वतःच्या पक्षातला एक मतभेद मोकळा ठेवला: देवाने निवड करताना माणसाचे पतन गृहीत धरले होते की नाही, यावर आर्मिनियसचा विरोधक गोमारुस याचे मत बहुमताहून वेगळे होते, पण त्याचा निषेध केला गेला नाही.

इंग्लंडमधील मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली आणि पूर्वनियती मानणारा जॉर्ज व्हाइटफील्ड यांचे उदाहरण व्यक्तिगत पातळीवरचे आहे. ऑक्सफर्डपासूनचे हे सहकारी. वेस्लीला ब्रिस्टलला बोलावून उघड्यावर प्रवचन करायला व्हाइटफील्डनेच प्रवृत्त केले. १७३९ मध्ये वेस्लीने पूर्वनियतीविरुद्ध प्रवचन छापले, त्याला व्हाइटफील्डने जाहीर पत्राने उत्तर दिले आणि १७४१ पर्यंत मेथडिस्ट चळवळीचे दोन प्रवाह झाले. म्हणजे संघटना एक राहिली नाही. मैत्री मात्र पुन्हा जुळली. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर त्याच्याच इच्छेनुसार वेस्लीने लंडनमध्ये स्मृतिप्रवचन केले. त्यात त्याने नवा जन्म आणि विश्वासाने नीतिमान ठरणे या दोघांना समान असलेल्या शिकवणींवर भर दिला, आणि कमी महत्त्वाच्या बाबींत मतभेद मान्य करून सोबत राहता येते, असे सांगितले. निवडीच्या सिद्धांताचा उल्लेख टाळल्याबद्दल काही कॅल्व्हिनवाद्यांनी त्याच्यावर टीका केली. ती अगदीच निराधार नव्हती, कारण व्हाइटफील्डच्या दृष्टीने तो सिद्धांत दुय्यम नव्हता.

इंग्लंडमधील बॅप्टिस्टांत ख्रिस्त सर्वांसाठी मेला असे मानणारे ‘जनरल’ आणि केवळ निवडलेल्यांसाठी मेला असे मानणारे ‘पर्टिक्युलर’ असे दोन गट सतराव्या शतकापासून होते. १८९१ मध्ये त्यांचे मुख्य प्रवाह बॅप्टिस्ट युनियनमध्ये एकत्र आले. युरोपातील लूथरपंथी व सुधारित (कॅल्व्हिनच्या परंपरेतील) चर्चांनी १९७३ च्या लॉइएनबर्ग करारात असे मान्य केले की, पूर्वनियतीसंबंधीचे सोळाव्या शतकातील परस्परनिषेध आजच्या शिकवणीला लागू पडत नाहीत. त्यामुळे एकमेकांच्या व्यासपीठावरून प्रवचन करणे आणि प्रभुभोजनात सहभागी होणे शक्य झाले. प्रत्येक चर्चची जुनी विश्वासपत्रके मात्र या कराराने रद्द केली नाहीत. ती त्या त्या चर्चमध्ये पूर्वीप्रमाणेच प्रमाण आहेत.